डोक्यावरचा हंडा आणि शून्य कार्य

'कार्य आणि ऊर्जा' हे प्रकरण शिकताना एक प्रश्न तुमच्या वाट्याला हमखास येतो. एक बाई पाण्याने भरलेला १५ किलोग्रॅम वस्तुमानाचा हंडा डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यावरून अर्धा किलोमीटर चालते. गुरुत्वबलाविरुद्ध तिने किती कार्य केले? उत्तर तुम्हांला पाठ असते : शून्य. हंड्याला आधार देणारे बल उभ्या दिशेत, विस्थापन आडव्या दिशेत, दोहोंमधला कोन ९० अंश, आणि ९० अंशांची कोज्या शून्य. दोन गुण मिळाले, प्रश्न संपला.

ज्याने एकदा तरी भरला हंडा डोक्यावर घेतला आहे त्याला हे उत्तर पटत नाही. मान आखडते, पोटऱ्या भरून येतात, घाम सुटतो, आणि पुस्तक म्हणते कार्य शून्य! मग चूक कोणाची? पुस्तकाची नाही आणि त्या बाईचीही नाही. हंडा टेबलावर ठेवला तर टेबल तासन्‌तास तो भार पेलते आणि दमत नाही, कारण लाकडाला त्यासाठी काहीच खर्च करावे लागत नाही. स्नायूंचे तसे नाही. स्नायू ताणलेला ठेवायचा म्हणजे त्याच्यातील प्रथिनांचे सूक्ष्म धागे एकमेकांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक पकडीला रासायनिक ऊर्जा लागते आणि तिचे शेवटी उष्णतेत रूपांतर होते. शिवाय चालताना दर पावलाला शरीर थोडेसे वर उचलले जाते आणि खाली येते. हंडा हलला नाही असे आपण समजतो, पण तो हलत असतो.

ही ऊर्जा मोजता येते. माणूस श्वासावाटे किती प्राणवायू घेतो हे मोजले की शरीराचा खर्च कळतो. केनियातील लुओ आणि किकुयू जमातींच्या स्त्रिया मोठमोठी ओझी डोक्यावर किंवा कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहतात. त्यांच्यावर असे प्रयोग झाले आणि १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक चकित करणारा निष्कर्ष छापून आला : स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे ओझे या स्त्रिया जवळजवळ कोणताही जादा खर्च न करता वाहत होत्या. पुढे दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासात ही किमया सर्वांनाच साधते असे दिसले नाही, आणि वाद अजून चालू आहे. तो आपण बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हजारो वर्षे बायका डोक्यावरून ओझी वाहत होत्या. त्या चालण्याला किती ऊर्जा लागते हे मोजावे असे कोणाला तरी वाटले, तेव्हा कुठे ते मोजले गेले.

'कार्य' ही व्याख्या यंत्रांचा ऊर्जेचा हिशेब लावण्यासाठी केलेली आहे आणि त्या कामी ती फार उत्तम आहे. तीच व्याख्या उचलून 'ही बाई दिवसभर किती राबली?' या प्रश्नाला लावली तर उत्तर निरर्थक येते. हवे तर करून पाहा. विहीर १० मीटर खोल आहे आणि हंडा वर ओढायचा आहे. १५ × ९.८ × १० = १४७० ज्यूल. दहा हंड्यांचे झाले १४,७०० ज्यूल. शरीराची कार्यक्षमता २० टक्के धरली तर खर्च सुमारे ७३,५०० ज्यूल. एका मध्यम पोळीत साधारण १०० किलोकॅलरी, म्हणजे चार लाखांहून अधिक ज्यूल असतात. म्हणजे दहा हंडे शेंदण्याची किंमत पोळीचा सहावा हिस्सा! रांगेत उभे राहण्यात गेलेला तास, पाणी आल्याशिवाय घर सोडता येत नाही म्हणून बुडलेली शाळा, यांतले काहीही या ज्यूलमध्ये आले नाही. घरातले काम मोजायला ज्यूल हे एकक कुचकामाचे आहे. मग कोणते एकक घ्यावे?

हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या हद्दीबाहेर गेला हे मला कळते. पण मोजमाप हा आमचा धंदा आहे, आणि दुसऱ्या शास्त्रात मोजमाप कसे होते हे पाहायला कोणाची बंदी नाही.

अर्थशास्त्रालाही कामाची एक व्याख्या लागते. देशात वर्षभरात किती वस्तू व सेवा निर्माण झाल्या याची बेरीज म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन. बेरीज करायची तर कोठेतरी कुंपण घालावे लागते : याच्या आतले उत्पादन, बाहेरचे नाही. हे कुंपण मुख्यतः पैशाच्या आधाराने घातले गेले. ज्याची खरेदी-विक्री होते ते आत. खानावळीतले जेवण आत, आईने केलेले जेवण बाहेर. पाळणाघरात मूल सांभाळणे आत, आजीने सांभाळणे बाहेर. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच यातली गंमत दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते! त्याच घरात तीच बाई तेच काम करीत असते. बंद झाला तो फक्त पगार.

पुढे हे कुंपण थोडे सरकवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने ठरलेल्या १९९३ च्या नियमांनुसार घरच्या वापरासाठी पाणी वाहून आणणे हे उत्पादनात धरता येते, कारण पाणी ही 'वस्तू' आहे. त्याच पाण्याने आमटी करणे, भांडी घासणे, तान्ह्या मुलाला आंघोळ घालणे या मात्र घरच्या घरी वापरलेल्या 'सेवा'. त्या अजूनही कुंपणाबाहेरच. आपली हंडा घेतलेली बाई दारापर्यंत उत्पादन करीत असते आणि उंबरा ओलांडला की तिचे उत्पादन थांबते. परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे, नाही का?

मग काम कशाला म्हणायचे? मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली एक साधी कसोटी सुचवली. जी गोष्ट तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पैसे देऊन करून घेता येते ते काम. तुमच्याऐवजी दुसरा कोणी स्वयंपाक करू शकतो, कपडे धुऊ शकतो, आजोबांना दवाखान्यात नेऊ शकतो. म्हणून ही कामे. तुमच्याऐवजी दुसरा कोणी झोपू शकत नाही, सिनेमा पाहू शकत नाही, जेवू शकत नाही. म्हणून ती कामे नव्हेत. कसोटी इतकी सोपी की पाचवीतल्या मुलाला लावता येईल. ती हातात धरून आपण आपल्या परिसरात एक फेरी मारू.

कल्याणहून कर्जतच्या बाजूला जाणारी गाडी धरली की विठ्ठलवाडी मागे पडते, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. उल्हासनगर हे फाळणीनंतरचे गाव. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या छावण्यांमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वस्तीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. छावण्यांचे आकडे अजून पत्त्यात आहेत : कॅम्प एक ते कॅम्प पाच. घरदार, दुकान, जमीन मागे टाकून आलेल्या या कुटुंबांनी जे उद्योग उभे केले त्यांच्या कहाण्या पुष्कळ सांगितल्या जातात. त्यात दुकानदार असतात, कारखानदार असतात. पापड लाटणाऱ्या बायका क्वचित असतात. पण पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देणाऱ्या या समाजात पापड, लोणची आणि वड्या घरोघरी होत, आणि पडत्या काळात त्यांच्या विक्रीने पुष्कळ चुली पेटत्या ठेवल्या.

पापड करताना तुम्ही पाहिले असेल. उडदाचे पीठ, पापडखार, मिरी, हिंग. घट्ट गोळा तेलाचा हात लावून कुटायचा, सारख्या लाट्या करायच्या, पोळपाटावर कडेपासून मध्यापर्यंत एकाच जाडीचे लाटायचे. जाडी कमीजास्त झाली की तळताना एक भाग करपतो. (उष्णतेच्या वहनाचा हा चांगला धडा आहे, पण तो पुन्हा कधी.) हे घरच्यांसाठी केले तर राष्ट्रीय उत्पन्नात जवळजवळ काही दिसत नाही. बाजारात विकले तर दिसते. मुंबईत गिरगावात १९५९ च्या मार्चमध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था वाढली आणि लाटणाऱ्या बायका तिच्या भागीदार झाल्या. लाटण्याचे कौशल्य तेच होते जे आधी प्रत्येक घरात फुकट चालले होते.

उल्हासनगर पुढे जीन्सच्या पँटींसाठी प्रसिद्ध झाले. कापड कापणे, शिवणे, धुणे, बटणे लावणे असे या धंद्याचे टप्पे असतात. शिवून झालेल्या कपड्यावर शिलाईच्या दोऱ्यांची टोके लोंबत राहतात. ती कापायचे काम नगावर मजुरी देऊन घरोघरी वाटले जाते. गठ्ठा घरी येतो, बायका आणि मुली लहानशी कात्री घेऊन बसतात, गठ्ठा परत जातो. आमच्या महाविद्यालयात एक विद्यार्थिनी होती. प्रात्यक्षिकात हात अतिशय सफाईदार, पण प्रयोगवही कधी वेळेवर नाही. चौकशी केल्यावर कळले की संध्याकाळी सहा ते दहा घरी धागे कापण्याचा कार्यक्रम असतो, आई, ती आणि धाकटी बहीण. भाऊ क्लासला जातो. घरात कोणी नोकरी करते का, असे अर्जावर विचारले होते, तिथे तिने फक्त वडिलांचे नाव लिहिले होते. खोटे लिहावे असा तिचा मुळीच हेतू नव्हता. ते 'काम' आहे असे तिच्या डोक्यातच आले नव्हते.

आता एक मोठे उदाहरण पाहू, म्हणजे असे डोक्यात न येणे किती महाग पडते ते कळेल. १९६१ च्या जनगणनेत नियम असा होता की हंगामी कामात हंगामाच्या बहुतेक काळात रोज एक तासाहून अधिक काम नियमित केले की ती व्यक्ती 'कामकरी'. १९७१ साली नियम बदलला. तुमचा वेळ मुख्यतः कशात जातो, असे विचारले जाऊ लागले. शेतावर चार तास निंदणी करून आलेली बाई म्हणाली की माझा वेळ मुख्यतः घरकामात जातो. झाले, तिची नोंद 'बिगरकामकरी'. देशातील कामकरी स्त्रियांची संख्या १९६१ साली सुमारे सहा कोटी होती. १९७१ साली ती तीन कोटींच्या थोडी वर उतरली. मधल्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या मात्र सुमारे ४४ कोटींवरून ५५ कोटींच्या घरात गेली होती. जवळपास तीन कोटी बायका काय घरी जाऊन बसल्या? काही ठिकाणी काम खरोखर कमी झाले होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या घसरणीचा मोठा वाटा मोजपट्टी बदलल्याचा होता. व्होल्टमापकाचा काटा मुळातच शून्यावर नसेल तर प्रत्येक वाचन चुकते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकता. इथे दोन वाचनांच्या मध्ये उपकरणच बदलले होते.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असते पाहा. गणनेला आलेल्या माणसाने दारात उभे राहून विचारावे, "ताई, तुम्ही काय करता?" आणि आतून उत्तर यावे, "काही नाही हो, घरीच असते." हातात त्या वेळी पिठाचा गोळा असतो. पुष्कळदा उत्तर ती देतही नाही, नवराच देतो. १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच स्पष्ट करण्यात आले की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेले कामही धरावे. एवढी एक ओळ घालण्यासाठी अभ्यासकांना वर्षानुवर्षे मागे लागावे लागले. १९७४ साली फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारतातील स्त्रियांच्या स्थितीवर अहवाल दिला, त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्रियांविषयीच्या संशोधनाचे केंद्र सुरू केले, आणि हळूहळू या आकड्यांकडे संशयाने पाहायची सवय लागली.

हा काही फक्त आपल्याकडचा प्रकार नाही. २०२३ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्लॉडिया गोल्डिन यांना मिळाले. अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा जुन्या कागदपत्रांत विवाहित स्त्रियांच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसते 'पत्नी' असे लिहिलेले आढळत होते. ती शेतावर राबत असो की नवऱ्याच्या दुकानात, व्यवसाय एकच : पत्नी. गोल्डिनबाईंनी इतर कागद धुंडाळून हे आकडे दुरुस्त केले तेव्हा चित्र पालटले.

ज्यूल उपयोगी नाही, रुपया अपुरा पडतो, 'तुम्ही काय करता' हा प्रश्न फसवतो. उरते काय? घड्याळ! दिवस सर्वांना २४ तासांचाच असतो. राजाला २५ तास मिळत नाहीत. कोणाचे किती तास कशात गेले हे नोंदवले की कोणाच्या मतावर अवलंबून राहावे लागत नाही. देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६-७७ मध्ये राजस्थान व पश्चिम बंगालमधील काही खेड्यांत असा अभ्यास केला. कागदावर बिगरकामकरी असलेल्या बायका प्रत्यक्षात गुरे चारताना, धान्य झोडताना, पाखडताना सापडल्या. पुढे १९९८-९९ मध्ये भारत सरकारने सहा राज्यांत १८ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. तिच्या तांत्रिक समितीच्या अध्यक्ष अर्थतज्ज्ञ इंदिरा हिरवे होत्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण शेजारचा गुजरात आणि मध्य प्रदेश होते. आठवड्याचे आकडे असे : उत्पादनाच्या कुंपणाच्या आत मोडणारे काम पुरुषांचे सुमारे ४२ तास, स्त्रियांचे सुमारे १९ तास. एवढेच पाहिले तर पुरुष दुपटीहून अधिक राबतात. आता कुंपणाबाहेरचे घरकाम मिळवा : पुरुषांचे ३.६ तास, स्त्रियांचे ३४.६ तास. बेरीज तुम्हीच करा.

संपूर्ण देशाची अशी पहिली पाहणी २०१९ साली झाली आणि दुसरी २०२४ साली. पद्धत सुंदर आहे. आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाने, तुम्ही काय करीत होता हे विचारायचे. 'चार ते साडेचार? साडेचार ते पाच?' अशा प्रश्नाला 'काही नाही' हे उत्तर देता येत नाही. २०१९ च्या पाहणीत सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी ८१.२ टक्के स्त्रियांनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केले होते आणि त्यांना सरासरी २९९ मिनिटे लागली. पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी केले, सरासरी ९७ मिनिटे.

इथे जरा थांबा, कारण वर्तमानपत्रे इथेच घोटाळा करतात. २९९ आणि ९७ ही सरासरी कोणाची? ज्यांनी घरकाम केले त्यांचीच. सर्वांची सरासरी हवी असेल तर न करणाऱ्यांचे शून्यही धरावे लागेल. २९९ ला ०.८१२ ने गुणा : सुमारे २४३ मिनिटे. ९७ ला ०.२६१ ने गुणा : सुमारे २५ मिनिटे. तीन पटींचे अंतर एकदम दहा पटींचे झाले. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर आहे हे सांगितले पाहिजे. २०२४ च्या पाहणीत काम करणाऱ्यांची सरासरी स्त्रियांसाठी २८९ आणि पुरुषांसाठी ८८ मिनिटे आली. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांचीही नऊ वाचली!

घड्याळालाही मर्यादा आहेत. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. संध्याकाळच्या लोकलच्या महिलांच्या डब्यात कधी डोकावलात तर कोणी गवार मोडते आहे, कोणी मटार सोलते आहे, कोणी लसूण निवडते आहे असे दिसेल. या दीड-पावणेदोन तासांची नोंद कशात करायची? प्रवासात की स्वयंपाकात? घरी पोचल्यावर एका शेगडीवर भात, दुसरीवर भाजी, ओट्याशी उभे राहून मुलाला पाढे विचारणे आणि कान दारावरच्या घंटीकडे. एका वेळी चार कामे चालली असताना पाहणीत 'मुख्य' काम निवडावे लागते, आणि मुलाकडे किंवा आजाऱ्याकडे लक्ष ठेवणे हे त्यात हटकून मागे पडते. विद्युतमंडलात समांतर जोडणी असेल तर एकाच शाखेतील धारा मोजून एकूण धारा कळत नाही, तसेच काहीसे.

वेळ मोजला तरी 'त्याचे मोल किती?' हा प्रश्न शिल्लक राहतोच. दोन मार्ग आहेत. पहिला : हेच काम करायला बाहेरून माणूस ठेवला तर काय द्यावे लागेल? दुसरा : ती बाई तेवढा वेळ बाहेर नोकरी करती तर काय मिळवती? गुरुत्वत्वरण दोलकाने काढा की मुक्त पतनाने, उत्तर एकच यायला हवे. इथे दोन मार्गांनी दोन उत्तरे येतात. अभियंता असलेल्या आईने केलेली खिचडी दुसऱ्या मार्गाने सोन्याच्या भावाची ठरते आणि पहिल्या मार्गाने साधी. पहिल्या मार्गातला दोष याहून गंभीर आहे. स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना कमी पैसे का मिळतात? कारण हे काम प्रत्येक घरात बायका फुकट करतातच, त्यात कौशल्य ते काय, असे आपण धरून चालतो. मग त्याच कमी मजुरीने आपण घरच्या कामाचे मोल करतो आणि म्हणतो, पाहा, फारसे मोल नाहीच. वाकडी पट्टी घेऊन तिचीच लांबी तिनेच मोजण्यातला हा प्रकार आहे. स्त्रीवादी अर्थशास्त्र म्हणून जी शाखा गेल्या चाळीसेक वर्षांत उभी राहिली, तिचे निम्मे लक्ष या पट्टीकडेच असते, आणि मला वाटते ते योग्य आहे.

आकडे लावले की गोष्टी बदलतात याचा पुरावा जवळच आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. सकाळ-संध्याकाळ दहा-वीस माणसांचा स्वयंपाक, वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज. त्यांच्या कामाला धंदा म्हणायला कोणी तयार नव्हते, म्हणून बँक दारात उभी करीत नसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. किती ताटे, किती पीठ, किती रोज शिल्लक, हा हिशेब मांडल्यावर ज्याला बँकेचा अधिकारी 'घरकाम' समजत होता तो धंदा निघाला.

आता तुमचा प्रयोग. साहित्य : एक आखलेला कागद, एक घड्याळ, थोडी चिकाटी. कागदावर पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत अर्ध्या तासाच्या ४८ ओळी आखा. घरातील प्रत्येक मोठ्या माणसासाठी आणि दहा वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीसाठी एकेक उभा रकाना ठेवा. तुमचाही. प्रत्येक ओळीत त्या अर्ध्या तासात झालेले मुख्य काम शाईने लिहा आणि सोबत चाललेले दुसरे काम असेल तर शिसपेन्सिलीने. विचारताना 'दिवसभर काय केलेस?' असे विचारू नका. 'साडेपाचला काय चालले होते?' असे विचारा. दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याने उत्तर देऊ नये, हा नियम बाबांनाही लागू. दिवस संपला की रीडबाईंची कसोटी लावून कामाच्या घरांवर खूण करा. ज्या कामाचे पैसे मिळाले त्यावर एक खूण, ज्याचे मिळाले नाहीत त्यावर दुसरी. मग बेरजा. एक शाळेचा दिवस आणि एक रविवार असे दोन तक्ते करा, कारण रविवार सर्वांचा सारखा नसतो असे तुम्हांला दिसण्याची शक्यता आहे.

ज्यांच्या घरी नळाला पाणी ठराविक वेळीच येते त्यांनी ती वेळ कडेला नोंदवावी. मुरबाड-बदलापूरच्या बाजूला बारवी धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये एक असे दोन तक्ते केले तर पाण्यासाठी जाणाऱ्या वेळेतला फरक फार चांगला दिसेल. भाऊ आणि बहीण एकाच घरात शिकत असतील तर दोघांच्या अभ्यासाच्या ओळी वेगळ्या मोजाव्यात. वर्गात वीस-पंचवीस तक्ते जमले की सरासरी काढा, आणि ती केवळ काम करणाऱ्यांची आहे की सर्वांची हे शेजारी लिहायला विसरू नका. तक्ते मासिकाकडे पाठवताना त्यांवर कोणाचे नाव घालू नये. वय, मुलगा की मुलगी, आणि गाव एवढे पुरे.